दोरीवरचे फ्रॉक

समोरचा फ्लॅट विकायला निघाला तेव्हा मोजणीसाहेबांनी घाई केली नाही. जमीन मोजणी खात्यात त्यांचा जन्म गेला होता. न मोजता त्यांनी आयुष्यात फक्त एकच गोष्ट केली होती, ती म्हणजे लग्न, असं ते स्वतःच सांगत. निवृत्तीनंतर या इमारतीत ते नुकतेच राहायला आले होते आणि शेजाऱ्यांशी अजून ओळख झाली नव्हती.

भाड्याने द्यायला घर घ्यायचं तर आधी आसपास कोण राहतं ते बघावं, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पद्धत मात्र त्यांची स्वतःची होती. रोज सकाळी फिरायला जाताना मान वर करून ते गॅलऱ्यांतल्या दोऱ्या वाचत. माणसं वय लपवतात, कपडे लपवत नाहीत. आणि दोऱ्यांवर काय होतं? फ्रॉक, चड्ड्या, बोटभर मोजे, सशाचे कान शिवलेली टोपी. जवळजवळ प्रत्येक गॅलरीत.

"मुलाबाळांची वस्ती आहे," त्यांनी बायकोला सांगितलं. "लहान मुलं असलेलं कुटुंब ठेवायचं. चांगली गुंतवणूक आहे."

बायको हं म्हणाली. या वर्षीही नातवाला घेऊन सुट्टीत यायला जमणार नाही, असा मुलाचा परदेशातून फोन आल्यापासून ती बहुतेक गोष्टींना हंच म्हणत होती. टीव्हीवर कुठे लहान मुलाचा आवाज आला तर तेवढ्यापुरता तिच्या हातातला चमचा थांबायचा. मोजणीसाहेबांनी तेही मोजलं होतं, पण ते गुंतवणुकीच्या हिशेबात बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

"काका, तुम्ही आमच्या धंद्यात हवे होतात," दलाल म्हणाला आणि सौदा करून मोकळा झाला.

निवृत्तीच्या वेळी मिळालेली सगळी रक्कम त्या फ्लॅटमध्ये गेली. मग साहेबांनी तो मुलांसाठी सजवला. ओट्याचे कोपरे गोल करून घेतले. बेसिन मुलांचा हात पोचेल इतकं खाली बसवलं. आतल्या खोलीच्या भिंतीवर छतापर्यंत जिराफ काढला आणि त्याच्या मानेवर उंची मोजायच्या खुणा स्वतः आखल्या, अगदी खात्याच्या शिस्तीत. रंगारी म्हणाला, "साहेब, जिराफ थोडा हसरा करू का?" साहेब म्हणाले, "माप बिघडणार नसेल तर कर."

पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक निवृत्त बसचालक आणि त्यांची पत्नी. चालकांनी बेसिनवर हात धुवायला कंबर वाकवली आणि ती तिथेच राहिली.

"अहो, सरळ व्हा की!" पत्नी म्हणाली.

"होता येत असतं तर इथली फरशी बघत बसलो असतो का?"

दलालाने आणि साहेबांनी मिळून त्यांना जिराफाच्या आधाराने उभं केलं. त्यांनी फ्लॅट नाकारला. त्यानंतर एक कवळी हरवलेले गृहस्थ आले, मग गुडघे बदललेल्या दोन बहिणी, मग एक निवृत्त परिचारिका, एकटी. तिने जिराफ मात्र बराच वेळ न्याहाळला.

"माझी तिन्ही नातवंडं या खोलीत मावतील," ती म्हणाली.

"तुमच्याकडेच असतात का?" साहेबांनी आशेने विचारलं.

"नाही. येतील."

साहेबांनी तिला नंतर कळवतो म्हणून सांगितलं आणि दलालाला जिन्यात गाठलं. "मी मुलं असलेलं कुटुंब सांगितलं होतं. तू रोज दवाखान्याची रांग घेऊन येतोस."

"काका, या भागात घर शोधायला हीच माणसं येतात. तरुण सगळे बाहेर गेले. कामं तिकडे, शाळा तिकडे."

"मग दोरीवरचे कपडे कोणाचे होते?"

दलालाने खांदे उडवले. उत्तर तळमजल्यावरच्या आजींनी दिलं. त्या दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"तुम्ही सुट्टीच्या तोंडावर बघितलं असणार," त्या म्हणाल्या. "नातवंडांचे राहिलेले कपडे पेटीतून काढायचे, धुवायचे, ऊन दाखवायचं. आली तर अडायला नको."

"आणि नाही आली तर?"

"तर घड्या घालून परत पेटीत. तुम्ही काय मोजत होतात?"

 साहेब वर आले, रिकाम्या फ्लॅटचं दार उघडून जिराफासमोर उभे राहिले आणि पुन्हा बंद करून घरी आले.

फ्लॅट तसाच पडून राहिला. पुढची सुट्टी जवळ आली आणि सगळ्या दोऱ्या परत भरल्या. त्या दिवशी साहेबांनी पहिल्यांदाच खाली उभं राहून स्वतःची गॅलरी बघितली. दोरीवर निळा शर्ट होता, खिशावर आगगाडी असलेला.

"हा आता नातवाला दंडातसुद्धा बसणार नाही," ते वर येऊन म्हणाले.

"माहितीये मला," बायको म्हणाली. "शर्टाला माहीत नाही."

त्याच आठवड्यात दलाल धावत आला. "काका, लागली लॉटरी! तरुण जोडपं, मुलगी पाच वर्षांची."

आली ती मंडळी खरंच तरुण होती. मुलगी दारातूनच जिराफाकडे पळाली आणि पाठ टेकवून उभी राहिली. "मी किती?" साहेब गुडघ्यावर बसले आणि त्यांनी माप घेतलं. बायको पाणी घेऊन आली होती, ती ट्रे धरून तशीच उभी राहिली.

मुलीची आई गॅलरीत गेली. "अहो, बघा तरी, किती मुलं आहेत इथे! तिकडे हिला खेळायला कोणीच नव्हतं, म्हणून तर घर बदलतोय."

दलालाने साहेबांच्या पायावर हळूच पाय ठेवला. गरज नव्हती. नोकरीत वीतभर जमिनीसाठी खोटं न लिहिलेला तो माणूस जिराफाच्या खुणांकडे बघत गप्प बसला होता.

"खाली आत्ता कोण खेळतंय?" मुलीने विचारलं.

"कोणी नाही गं," बायको म्हणाली. "मुलं नाहीत इथे. नुसते कपडे आहेत."

मंडळी पाणी पिऊन, आभार मानून गेली. मुलगी जिन्यातून शेवटच्या पायरीपर्यंत काहीतरी विचारत होती.

दलालाने कपाळाला हात लावला. "काकू, अहो, ठरलं होतं ना! काय गरज होती?"

"ती रोज संध्याकाळी खाली जाऊन उभी राहिली असती, कोणी येतंय का बघत," बायको म्हणाली. "वाट बघणारे आहेत तेवढे पुरेत इथे."

मग तिने ट्रेमधला उरलेला पेला साहेबांपुढे धरला. बऱ्याच दिवसांनी ती एवढं बोलली होती.

फ्लॅट शेवटी परिचारिकेला दिला. "बेसिन वर घेऊन देतो," साहेब किल्ली देताना म्हणाले. "आणि जिराफ पुसून घेतो."

"राहू दे," ती म्हणाली. "मी वाकेन."

पुढच्या सुट्टीच्या तोंडावर तिच्या दोरीवर तीन छोटे फ्रॉक आले. सकाळी फिरून येताना साहेबांची मान सवयीने वर झाली आणि मोजणी सुरू झाली. फाटकात क्षणभर थांबून त्यांनी ती पहिल्यापासून पुन्हा केली. या वेळी त्यांनी मोजणीत आपलीही गॅलरी धरली.