नऊच्या नऊ ऑफिसात हजर

"सोमवारी अकराच्या कॉलवर तुझी टीम एका छताखाली दिसली नाही, तर तुझी बदली गुरगावला!" पुण्याच्या मोठ्या साहेबांनी, मुकुंदरावांनी, श्रीकांतला बजावलं. श्रीकांतचं धाबं दणाणलं. बायकोची, सरोजची, इथे हैदराबादेत मलकपेठच्या शाळेतली नोकरी, सत्तरी ओलांडलेली आई. हे बिऱ्हाड उचलायचं कसं?

त्याची नऊ माणसं चार वर्षं घरूनच काम करत होती. ऑफिसचं नाव काढलं की कोणाची पाठ धरे, कोणाची मांजर व्यायला टेकलेली असे. श्रीकांतने एकेकाच्या हातापाया पडून कबुली मिळवली. "हौ सर, येतो की. परेशान नका होऊ," तेजश्रीने सगळ्यांच्या वतीने सांगितलं. एकदाचं घोडं गंगेत न्हालं, असं त्याला वाटलं.

सोमवारी तो नऊलाच रायदुर्गच्या ऑफिसात पोचला. चाळीस खुर्च्या आणि बसलेला तो एकटा. पावणेअकराला त्याने घामाघूम होऊन तेजश्रीला फोन लावला.

"अगं, आहात कुठे?"

"ऑफिसात, सर! नऊच्या नऊ. तुम्हीच नाही आले."

"मी ऑफिसातच आहे!"

"आम्ही कुकटपल्लीला हाव. ऑफर लेटरवर हाच पत्ता हाय ना?"

श्रीकांतने कपाळावर हात मारला. ऑफिस दोन वर्षांपूर्वीच रायदुर्गला हललं होतं. तशी मेलही सगळ्यांना गेली होती, पण ती वाचतो कोण! जुन्या जागी आता लग्नाचा फंक्शन हॉल होता.

"तुम्हाला कोणी हाकललं नाही?"

"नाही सर, वरपक्षाचे समजून उपमा दिला. खुर्च्या पण मस्त हैत."

या रहदारीत पाव तासात कुकटपल्ली गाठणं अशक्य होतं. अकरा वाजले. पडद्यावर लाल मखमली खुर्च्या, मागे झेंडूच्या माळा आणि लॅपटॉपात मान घातलेली नऊ माणसं दिसली. मुकुंदरावांनी हैदराबादचं ऑफिस कधी पाहिलंच नव्हतं.

"वा! माणसांचं स्वागत करावं तर असं!" ते खुलले. मग त्यांची नजर दुसऱ्या चौकटीत, श्रीकांतच्या मागच्या रिकाम्या भिंतीकडे गेली. "पण श्रीकांत, टीम आली, आणि तू कुठे?"

"सर, मी... इथेच..."

"घरीच ना? चेहराच सांगतोय."

खरं सांगावं तर गुरगाव. श्रीकांतने मान खाली घातली.

"असू दे. तुझ्यावाचून इतकी शिस्तीत बसते, म्हणजे टीम चांगली घडवलीस. बदली रद्द. महिन्यातून एकदा हे असे जमले तरी पुरे. तू घरूनच बघ सगळं."

श्रीकांतचा जीव भांड्यात पडला. त्याने बॅग उचलली आणि सरोजला फोन केला.

"जेवायला घरीच येतोय."

"का हो, ऑफिसात कोणी आलं नाही?"

"आलो ना, मी एकटा. म्हणून मलाच घरी बसायची परवानगी मिळाली."