खलीलभाईंचा जुना फॉन्ट

खलीलभाईंना रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीच्या नंबरप्लेटवर ‘डभ्’ लिहिलेलं दिसतं. आपल्याला दिसतात एम आणि एच. पण त्यांच्या जुन्या हिंदी फॉन्टमध्ये त्या बटणांवर ड आणि अर्धा भ येतो, आणि इतकी वर्षं तेच टाइप करून डोळे तसेच वळलेत. असा मजकूर फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला की इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. खलीलभाई तो चिवडा पेपरासारखा घडाघडा वाचतात. लोह्यासारख्या गावांहून माणसं मोबाइलवर असल्या फायली घेऊन येतात आणि उभ्या-उभ्या वाचून घेऊन जातात.

लातूरच्या आमच्या संस्थेचं हिंदी बालमासिक नांदेडला त्यांच्याच दुकानात टाइप व्हायचं. मासिक बंद पडलं, अंक त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये राहिले. ते युनिकोडमध्ये आणून वेबसाइटवर टाकायचं काम माझ्याकडे आलं. मी यादी केली. एकशे वीस फायली, रोज चोवीस, पाच दिवस. फॉन्ट बदलणारा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर होता, त्याला एका फायलीला दहा सेकंदही लागत नाहीत.

तिसऱ्या दिवशी यादीवर अकरा खुणा होत्या.

कारण खलीलभाई आधी प्रत्येक फाईल स्वतः उघडत, तळाशी जात, काहीतरी कापत, दुसरीकडे चिकटवत आणि मगच मला देत. मी स्क्रीनकडे मान वळवली की अर्धापूरची केळी पुढे करत. सगळ्या एकदम द्या म्हटलं की उत्तर ठरलेलं. “घाई नक्को मॅडम, अक्षर बिचकतंय.”

बिचकले होते मी. तो कॉम्प्युटर आतून कुरकुरत होता. आठ महिने त्यांनी तो बंदच केला नव्हता. बंद केला तर पुन्हा उठायचा नाही, ही धास्ती. लाईट गेली की बॅटरी टूं-टूं करायची आणि आम्ही दोघं खुर्चीतून उठून उभे राहायचो, जणू उभं राहिल्यानं लाईट येते.

पाचव्या दिवशी ते दुपारच्या नमाजला गेले. मी उरलेल्या सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि प्रोग्राम चालवला. दहा मिनिटांत काम संपलं. तपासायला एक फाईल उघडली. चिमणीची गोष्ट संपली होती आणि खाली होतं, “दाल ढाँक के रखी हूँ. चश्मा लगा के बैठो.” त्याखाली, “खाया. नमक कम था.” पुढच्या अंकात, “तो अपने हाथ से डालो.”

सगळ्या फायलींच्या तळाशी असंच.

खलीलभाई परत आले, माझा लॅपटॉप बघितला आणि टोपी काढून बसले. मी माफी मागितली. ते रागावले नाहीत, सांगू लागले. त्यांची बायको रझियाभाभी सकाळी टाइप करायच्या, तेव्हा हे छापखान्यात. संध्याकाळी हे चुका काढायला दुकानात, तेव्हा त्या घरी. कॉम्प्युटर एक, पाळ्या दोन, निरोप फाईलखाली. भाभींना जाऊन चार वर्षं झाली होती.

“पोरं वाचतील ना मॅडम,” ते म्हणाले. “नमक कम था म्हणून.”

माझ्या फायलींतल्या त्या ओळी मी त्यांच्यासमोर काढून टाकल्या. मग म्हटलं, कापून ठेवलेल्या तुमच्या ओळी तरी युनिकोडमध्ये करून देते, हे मशीन आता टिकायचं नाही.

“नक्को. मला वाचता येतंय. दुसऱ्याला कशाला यायला पाहिजे?” त्यांनी कीबोर्डवरची धूळ बोटानं पुसली. “मी बी खाली लिहून राहिलो की. रोज. या मशीनवरच येतंय तसं.”

मी यादीच्या शेवटी एक ओळ वाढवली. शनिवारी पुन्हा नांदेडची एसटी पकडली आणि त्यांच्या पुतण्यानं घेऊन दिलेल्या, खोक्यातच पडून असलेल्या नव्या कॉम्प्युटरवर जुना फॉन्ट आणि जुनी बटणांची मांडणी बसवली. त्यांनी सगळ्या ओळी चिकटवून ठेवलेली ती एक फाईल होती तशी उतरवली. खलीलभाईंनी शेवटच्या ओळीखाली काहीतरी टाइप केलं, वाचलं, पुन्हा वाचलं. मी या वेळी स्क्रीनकडे मान वळवली नाही. मी यादीवर खूण केली.

मग ते उठले, जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी हात ठेवला आणि स्वतः त्याचं बटण बंद केलं.