टेबलाच्या मापाचा कॉम्प्युटर

घरात कॉम्प्युटर घ्यायचा ठरला, तेव्हा मिस्त्रींनी सगळ्यात आधी टेबल करायला घेतलं. "अहो, आधी कॉम्प्युटर तरी येऊ द्या," असं बायकोने सांगून पाहिलं. लेकीनेही सांगून पाहिलं. पण मिस्त्रींचं म्हणणं सरळ होतं. पाहुण्याला दारात उभं करून कोणी खुर्ची ठोकायला बसतं का? येणाऱ्याची बसायची सोय आधी करायची असते.

कारणही तसंच मोठं होतं. लेकीचं शिक्षण नुकतंच संपलं होतं आणि एका आर्किटेक्ट बाईंनी तिला घरांचे नकाशे काढायचं काम देऊ केलं होतं, तेही घरी बसून. आधी एका बंगल्याचे नकाशे करायचे. ते बाईंना पसंत पडले तर पुढे एका अख्ख्या इमारतीचं काम. मिस्त्रींची सारी हयात दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवर नाक मुरडण्यात गेली होती. "काढणाऱ्याचं काय जातं? कागदावर भिंत सरळच असते!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण नकाशे काढणारी त्यांच्याच घरात निपजल्यापासून त्यांनी ते वाक्य बंद केलं होतं आणि भेटेल त्याला "नकाशा चुकला की घर चुकलं बघा" असं ऐकवायला सुरुवात केली होती.

टेबलासाठी त्यांनी माळ्यावर राखून ठेवलेलं जुनं सागवान खाली काढलं. त्या लाकडाला घरात कोणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. बायकोने एकदा त्यावर गाद्या रचल्या, तर मिस्त्री आठवडाभर तिच्याशी मोजून मापून बोलत होते. तेच लाकूड आता त्यांनी हौसेने कापलं, तासलं, घासलं. टेबल असं झालं की त्यावरून हात फिरवताना कुठे जोड आहे ते बोटांना कळू नये. उजव्या बाजूला कॉम्प्युटरच्या खोक्यासाठी एक बंद खण होता आणि मिस्त्रींचा सगळा जीव त्या खणात होता. दार लोटलं की ते शेवटच्या क्षणी जरा थांबायचं आणि 'फुस्स' करून आपलं आपण बसायचं.

"बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. "मुंगी सोड, धूळ सोड, हवासुद्धा आत शिरायची नाही."

खणाचं माप त्यांनी नजरेनेच आणलं होतं. दाताच्या डॉक्टरांकडे त्यांनी काउंटर केला होता, तिथे एक कॉम्प्युटर होता. त्या बिचाऱ्याला दिवसभर पेशंटची नावं लिहून घेण्यापलीकडे काही काम नव्हतं. पण मिस्त्रींच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे कॉम्प्युटर.

मग बापलेक कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार चष्मेवाला, सज्जन आणि सहनशील माणूस होता. त्याच्या सहनशीलतेचा त्या दिवशी कस लागला.

"बोला काका, कशासाठी हवाय कॉम्प्युटर?"

"टेबलासाठी," मिस्त्री म्हणाले.

दुकानदाराने चष्मा वर सरकवला. "तसं नाही काका. काम काय करणार त्यावर? आधी आपली गरज ठरवायची आणि मग मशीन बघायचं. पत्रं लिहायला वेगळं, गेम खेळायला वेगळं..."

"गरज ठरलीये आमची. उंची एवढी, रुंदी एवढी, खोली एवढी." मिस्त्रींनी टेप उघडून हवेतच माप दाखवलं आणि ती खाडकन मिटली.

लेक पुढे झाली. "मला घरांचे नकाशे काढायचेत. थ्रीडीसुद्धा. प्रोसेसर दमदार लागेल, रॅम भरपूर हवी आणि ग्राफिक्स कार्ड वेगळं हवं."

"हां, आता कसं!" म्हणत दुकानदाराने एक उंच काळं खोकं आणून काउंटरवर ठेवलं. "हा घ्या. तुमच्या कामाला एकदम योग्य."

मिस्त्रींनी तीन बाजूंनी टेप लावली आणि मान हलवली. "चार बोटं जास्त आहे."

"काका, आत सामानही तेवढं आहे."

"वरचा भाग जरा उतरवता येईल?"

"उतरवता म्हणजे?"

"म्हणजे थोडा तासून..."

दुकानदाराने चटकन खोक्यावर दोन्ही हात ठेवले. मिस्त्री जवळ काही हत्यार बाळगून आहेत की काय, अशी शंका त्याला आली असावी. त्याने ते खोकं मागे नेलं आणि एक छोटं आणलं. मिस्त्रींनी माप घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हा बघ! जणू माझ्या खणासाठीच जन्माला आलाय."

"बाबा, हा नाही चालणार. यात माझा एक जिना उघडायला अर्धा तास लागेल."

"अगं पण बसतोय किती नेमका!"

"बसेल हो. बसून करेल काय?"

दोघंही हट्टाला पेटले. लेक कामावरून हटेना, बाप मापावरून. शेवटी लेकीनेच तोड काढली. त्या मोठ्या खोक्यातलं सामान या मापाच्या खोक्यात बसवून मिळेल का, असं तिने विचारलं. दुकानदाराने डोकं खाजवलं.

"बसेल तसं. पण दाटीवाटीने. तापणार जरा. मोकळ्या हवेत ठेवा, चारी बाजूंनी जागा सोडा. काय?"

लेकीने मान डोलावली. मिस्त्री त्या वेळी दुसऱ्या एका खोक्याचं माप घेण्यात गुंतले होते. दुकानदाराच्या बोलण्यातलं 'बसेल' एवढंच त्यांच्या कानी पडलं आणि त्यांचं काम झालं.

घरी आल्यावर कॉम्प्युटर खणात सरकला तो असा की बाजूला पोस्टकार्ड सरकवायला जागा उरली नाही. मिस्त्री दोन पावलं मागे जाऊन बघत राहिले. टेबल आपलं, कॉम्प्युटर लेकीचा, आणि दोघं एकमेकांना असे शोभतायत! त्यांना कोणाला तरी हे दाखवल्याशिवाय चैन पडेना.

मग पाहुण्यांचा राबता सुरू झाला. शेजारचा इस्त्रीवाला आला, दाताचे डॉक्टर आले, मेहुणे सहकुटुंब आले. मिस्त्री पाहुण्याला खुर्चीत बसवायचे, खणाचं दार उघडायचे, "हा कॉम्प्युटर," म्हणायचे आणि दार लोटायचे. फुस्स.

"आता सांगा, कॉम्प्युटर कुठाय?"

"छे! दिसतच नाही!" असं उत्तर द्यायचं असतं, हे हळूहळू सगळ्यांना कळलं. त्यानंतर चहा यायचा आणि बिजागऱ्यांचा विषय निघायचा. तो रंगात आला की पडद्यावरचा लेकीचा बंगला कधी तरी गडप व्हायचा आणि पडदा काळा पडायचा.

पहिल्यांदा मिस्त्रींनी विजेला दोष दिला. दुसऱ्यांदा मेहुण्यांच्या धाकट्या पोराला. तिसऱ्या खेपेला मात्र लेक बाहेर गेली असताना त्यांनी खोकं उचललं आणि तडक दुकान गाठलं. दुकानदाराने ते काउंटरवर ठेवून सुरू केलं. ते सुरूच राहिलं. मिस्त्री समोरच्या स्टुलावर बसून त्याच्याकडे रोखून बघत होते. पण तो गडी काही बंद पडेना.

"काका, ठणठणीत आहे."

"तुमच्यासमोर आहे. घरी पाहुणे आले की मान टाकतो."

दुकानदाराने आपल्या परीने उलटसुलट तपासून खोकं परत दिलं. घरी आणल्यावर शेजारी बघायला आले आणि कॉम्प्युटरने मान टाकली. मिस्त्रींनी पुन्हा खोकं उचललं.

"बाबा, नका हो नेऊ. चालतोय तो व्यवस्थित," लेक म्हणाली.

"तुला सगळंच व्यवस्थित वाटतं! माणसाने इतकं भिडस्त असू नये."

बायको मात्र काही दिवस हे सगळं मुकाट्याने बघत होती. एकदा न राहवून ती म्हणाली, "एक बोलू? ती एकटी असली की हा तासन्‌तास चालतो. तुम्ही खोलीत गेलात की बंद पडतो."

"म्हणजे काय, तो मला घाबरतो?"

"ते मला काय ठाऊक? मी आपलं बघितलं ते सांगितलं."

यावर मिस्त्रींनी विचार करायला हवा होता. पण त्याच दिवशी आर्किटेक्ट बाईंचा फोन आला. बंगल्याचे नकाशे बघायला त्या स्वतः घरी येणार होत्या. मग कसला विचार! मिस्त्रींनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि टेबल तेलाच्या फडक्याने पुसून चकचकीत केलं.

बाई आल्या. मोजकं बोलणाऱ्या, आणि बघायचं ते नीट बघणाऱ्या. लेकीने त्यांना पडद्यासमोर बसवलं. खणाचं दार तिने उघडंच ठेवलं होतं आणि दिसू नये म्हणून पुढे आपली पिशवी टेकवली होती. मिस्त्रींची नजर नेमकी तिथे गेली.

"अगं, दार उघडं काय ठेवलंस? बाईंसमोर!" त्यांनी पिशवी बाजूला केली. फुस्स.

"बाबा, राहू दे ना ते."

"राहू दे कसं?"

लेकीने डोळे मोठे केले, भुवया उडवल्या, टेबलाखालून हाताने खूण केली. मिस्त्रींना वाटलं, पोर घाबरली. त्यांनी प्रेमाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस. मी इथेच आहे."

बाई बघू लागल्या. पडद्यावर बंगला गोल फिरला, दरवाजा उघडला, दिवाणखाना आला, स्वयंपाकघर आलं. खणातून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. बाई जिना चढून वरच्या मजल्यावर पोचणार, एवढ्यात पडदा काळा पडला. लेकीने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. या वेळी तर दिवाणखान्यापर्यंतही पोचता आलं नाही.

"असं नेहमी होतं का?" बाईंनी विचारलं. "इमारतीचं काम मोठं आहे. मला मशीनचा भरवसा हवा."

लेकीचा चेहरा उतरला. तो बघून मिस्त्रींचं रक्त उसळलं. त्यांनी दुकानदाराला फोन लावला आणि चूक कोणाची आहे ते बाईंनाही कळावं म्हणून त्याचा आवाज खोलीभर सोडला.

"काय विकलंत तुम्ही आम्हाला? माझ्या लेकीच्या कामाचा प्रश्न आहे इथे!"

"काका, शांत व्हा. मला एक सांगा, ठेवलाय कुठे तो?"

"कुठे म्हणजे? टेबलाच्या खणात! मी स्वतः केलेल्या! दार असं बसतं की हवासुद्धा आत शिरत नाही!"

पलीकडून दुकानदाराने सावकाश विचारलं,

"हवा... अजिबात शिरत नाही?"

"अजिबात नाही!" मिस्त्रींनी छाती पुढे काढून सांगितलं.

"मग काका, त्याने श्वास कुठून घ्यायचा?"

बायकोने पुढे होऊन खणाचं दार उघडलं, तशी आतून गरम वाफ तिच्या तोंडावर आली. "अहो, यात कपडे वाळतील," ती म्हणाली.

लेक खाली बसली आणि एका पुठ्ठ्याने खणात वारा घालू लागली. मिस्त्रींनी तो पुठ्ठा तिच्या हातातून घेतला. "तू बाईंना दाखव," ते म्हणाले, आणि इस्त्रीच्या शर्टासकट फरशीवर मांडी घालून वारा घालायला लागले. कॉम्प्युटर सुरू झाला. जिना आला, वरचा मजला आला, गच्ची आली. मिस्त्रींचा हात दुखून आला, पण थांबला नाही. पडदा त्यांना खालून दिसत नव्हता, म्हणून ते बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"जिन्याखालची जागा छान वापरलीस," शेवटी बाई म्हणाल्या. "मला नसतं सुचलं. इमारतीचं काम सोमवारपासून सुरू करू." मग त्यांनी खाली पाहिलं. "फक्त वडिलांची तेवढी सुटका कर."

बाई गेल्या. मिस्त्री पुठ्ठा हातात धरून तसेच बसले होते.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही बाहेर गेलात की मी दार उघडायचे. तुमची चाहूल लागली की लावायचे."

"अगं मग सांगायचं नाही का? मी दुकानात भांडून आलो त्या बिचाऱ्याशी!"

"सांगणार होते हो. पण दार लावून तुम्ही लोकांकडे बघायचात ना, तेव्हा मला बोलवायचंच नाही. इतकं सुंदर टेबल केलंत माझ्यासाठी, त्यात खोट कशी काढू?"

मिस्त्रींना लाज वाटली. कामात खोट असलेली त्यांना आजवर खपली नव्हती. पण ती लपवण्यासाठी कोणी एवढा खटाटोप करावा, हेही त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. उठून त्यांनी करवत आणली, टेबलासमोर उभे राहिले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी दुसऱ्याला विचारलं, "कुठे कापू?"

लेकीने नकाशा काढून दिला. खणाची मागची फळी काढून टाकायची आणि दार नवीन करायचं, आडव्या पट्ट्यांचं, मधून हवा खेळेल असं. नकाशा हातात घेतल्यावर सवयीने त्यांचं नाक मुरडायला लागलं होतं, ते त्यांनी वेळीच आवरलं. मग अंगणात बसून नकाशाबरहुकूम दार केलं, आत आणून बिजागऱ्यांवर चढवलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. लेकीने नकाशा समोर धरला, टेप लावली. पुन्हा एकदा लावली.

"बाबा, ही खालची पट्टी उजवीकडे जरा उतरलीये."

"कुठे? केसभर असेल."

"केसभरच आहे. पण आहे."

बायको स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उभी होती. पूर्वी एका ठेकेदाराने असं काही म्हटलं होतं, तेव्हा मिस्त्री हत्यारांची पेटी उचलून चालते झाले होते आणि पुन्हा त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

मिस्त्रींनी वाकून एक डोळा मिटून पट्टीकडे पाहिलं. खरंच उतरली होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती टेप हातात घेऊन शांत उभी होती.

"परत करावी लागेल," ती म्हणाली.

मिस्त्रींनी दार उतरवलं आणि खांद्यावर टाकून ते बाहेर आले. शेजारच्या इस्त्रीवाल्याने मान वर करून विचारलं, "काय हो मिस्त्री, दार परत बाहेर आलं?"

"आलं!" मिस्त्री सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "आमच्या साहेबांनी नापास केलं!" आणि त्यांनी हसत हसत रंधा हातात घेतला.