चार दारं आणि कमलआत्या

"पप्पा, दारं बंद असताना मांजर गाडीत शिरलं कसं?"

हा प्रश्न विचारायची पैज मुस्काननं लावली होती. ती आणि आणखी दोघी मैत्रिणी फाटकाआड तोंडावर ओढणी दाबून उभ्या होत्या. दिपमालानं तो विचारलाही, गल्लीला ऐकू जाईल इतका खणखणीत. एरवी पप्पा ओरडले असते. आज ते दाराच्या फटीत बोटं घालून बघू लागले, कारण मांजर खरंच मागच्या सीटवर झोपलं होतं.

गाडी एकोणऐंशी सालची फियाट. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, गंजली, म्हणून असोद्याच्या वना मिस्त्रीनं ती वेल्डिंग केली. काम सोपं जावं म्हणून पप्पांनी, म्हणजे ज्ञानेश्वररावांनी, चारही दारं आधीच हौसेनं काढून ठेवली. वेल्डिंग झाल्यावर परत बसवली, तर खाली दारं घासायची आणि वर चार बोटं फट! आणि रविवारी धुळ्याला जुन्या गाड्यांचा मेळावा. तिथे परीक्षक चारही दारं तपासणार. शिवाय "भंगारात टाका ही" म्हणणाऱ्या शेजारच्या इंदरचंदशेठना पप्पांनी मुद्दाम मेळाव्याचं आमंत्रण दिलेलं.

वना मिस्त्री वाकून बघून म्हणाला, "दारं नव्हती ना भो, चासी मधी कमान झाली. आता मधी वजन पाहिजे."

पप्पा बसले. फट थोडी मिटली. मम्मी बसली, दिपमाला बसली, फट बोटभर उरली. मग पप्पांच्या मोठ्या बहिणीला, कमलआत्याला, घरातून बोलावण्यात आलं. आत्या मागच्या सीटवर टेकली आणि चारही फटी कागदावर आखल्यासारख्या सरळ झाल्या.

"हलू नका कोणी!" वना ओरडला आणि त्यानं बिजागऱ्यांत पत्र्याचे तुकडे घालून नट आवळले. दारं कशी मऊ खट्ट वाजून लागली! पप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग आत्या उतरली, तिच्यामागे दारं आवळून बसली आणि बाकीचे तिघं आतच अडकले.

"अक्का, परत बस!" पप्पा काचेतून ओरडले. आत्यानं बाहेरून टपावर भार टाकला तसं तिच्या बाजूचं दार सुटलं; ती आत बसली आणि बाकीची दारंही उघडली. वनानं हात पुसले. "उतरताना सगळे संगच उतरा, काही नही होत." मग शनिवारी दिवसभर गल्लीत कवायत चालली. एक, दोन, तीन, आणि चार पाय एकदम बाहेर.

रविवारी धुळ्यात गाडी रांगेत लागली. तेवढ्यात आत्याला शिंदखेड्याची जुनी शेजारीण सुनंदाबाई दिसली. "ओ सुनंदा!" म्हणत ती एकटीच उतरली आणि गर्दीत गडप.

आणि परीक्षक आले.

"चारही दारं उघडून दाखवा."

"दाखवतो. पण बहीण आल्यावर," पप्पा म्हणाले.

"दारांचा आणि बहिणीचा काय संबंध?"

"आतून आहे," मम्मी पुटपुटली.

शेवटी भोंग्यावर पुकारा झाला, "जळगावच्या कमलबाई, असाल तिथून फियाटजवळ या. तुमच्याशिवाय गाडी उघडत नाहीये." सगळा मेळावा फियाटभोवती जमला. इंदरचंदशेठ मोबाइल उंच धरून म्हणाले, "ज्ञानेश्वरभाऊ, जिची चावी पायी फिरते अशी गाडी पहिल्यांदा बघितली!"

आत्या आली ती हातात भज्यांची पुडी घेऊन. "मी काय कुलूप शे का रे ज्ञाना? बठ्ठा लोक दखी ऱ्हायनात!" बघणाऱ्या सगळ्या लोकांकडे हात करत असं म्हणून तिनं टपावर भार टाकून आपलं दार सोडवलं आणि ती रागानं धपकन बसली. चारही दारं लोण्यासारखी फिरली. परीक्षकांनी बोट फिरवून फटी पाहिल्या, कागदावर काही लिहिलं आणि ते निघाले. उतरून दाखवा असं कुणी म्हणालंच नाही.

संध्याकाळी बक्षीस जाहीर झालं. सर्वांत नीट बसणाऱ्या दारांची गाडी, फियाट, जळगाव. सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या इंदरचंदशेठनी.

परतीच्या वाटेवर पप्पा स्टेअरिंगवर ताल धरत होते. "सारिका," ते मम्मीला म्हणाले, "आता कशालाच हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं. अक्का, तू जेवण कमी करू नको. आणि दिपू, तूपण वर्षभर अठ्ठेचाळीस किलोच राहा."

मम्मीनंसुद्धा मान हलवली. दिपमाला सीटवर ताठ बसली.

"पप्पा, मम्मी, मी ठरवलंय. मी वाढणार. दहावी झाली की मेकॅनिकलच्या डिप्लोमाला जाणार. आणि तुम्हाला नुसतं वजनच हवं असेल, तर माझ्या जागी केळीचे दोन घड ठेवा. बरोबर तेवढंच भरतं!"