नानांचं विलायतेतलं चर्च

आमच्या तलवाड्यात एकही चर्च नाही. तरीही आमचे शेजारी दगडूनाना चर्चच्या बांधकामावरून कुणाशीही भांडतात. तेही इंग्लंडातल्या कुठल्याशा आडगावच्या चर्चच्या.

नाना एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मुलगी रंजना तिकडं नर्स, आणि तिच्या खोलीसमोरच ते जुनं दगडी चर्च. दर रविवारी संध्याकाळी नाना ओट्यावर बसून व्हिडिओ कॉल लावतात आणि पोरीला घराबाहेर काढतात.

"रंजे, मनोऱ्याकडं घे. हां. आता रिवर्स. अगं, कोपरा कापलास की."

ती बिचारी थंडीत नाक पुसत चर्चला प्रदक्षिणा घालते. इकडं नानांच्या ओरडण्यानं माझ्या घरात टीव्हीचं एक अक्षर ऐकू येत नाही.

नानांच्या या ज्ञानाचा ताप सगळ्या गावाला. मारुतीच्या मंडपाला स्लॅब टाकायचं ठरलं, तर यांचा पहिला प्रश्न, "मनोरा कोणत्या अंगाला घेणार?" मांजरसुंब्याला धाब्यावर जेवायला गेलतो, तर भाकरीचे तुकडे जुळवून टोकदार कमान उभी केली, टेकू कांद्याचा. "मधला दगड लई महत्त्वाचा," म्हणाले. मला भूक लागलेली, मी नेमका तोच तुकडा खाल्ला. बीड येईपर्यंत नाना माझ्याशी बोलले नाहीत.

पुढं शेळ्यांच्या गोठ्यालाही तसलीच खिडकी. गवंडी सलीमभाई वैतागला, "नाना, शेळीला टोकदार खिडकी कावून?"

"वजन दोन्ही अंगांनी उतरतं बे."

शेवटी मीच कंटाळलो. परवा त्या चर्चचे फोटो नेटवर शोधून काढले. मनोरा, कमानी, छताचे वासे, पन्हाळीवरची राक्षसाची तोंडं, सगळं. म्हटलं, "घ्या नाना, एकदाचं पोटभर बघा, अन् पोरीला गारठ्यात हिंडवणं बंद करा."

नानांनी एकेक फोटो बघितला. कौतुकाचा शब्द नाही. मला रागच आला.

मग म्हणाले, "घरात बसून बोलली की 'बरी हाय, जेवले, ठेवते', एवढंच. भिंती दावता दावता मात्र बोलत राहती. मागल्या ऐतवारी मागच्या दाराची कमान दावताना रडली. म्हणली, नाना, हितं करमत न्हाई."

नानांनी फोन माझ्या हातात परत दिला.

"हे फोटो घावल्याचं तिला सांगू नगंस," ते म्हणाले. "तिकडचं अजून लई बघायचं राहिलंय, असं म्हणलोय मी."