निर्गुण पूल

कोणतंही काम दोन ठिकाणी चाललेलं असतं, एक जागेवर आणि दुसरं कागदावर. जागेवरच्या कामाला ऊन, वारा, माणसं आणि नशीब यांची साथ लागते. कागदावरच्या कामाला फक्त एकाग्रता पुरते. म्हणून जगातली बहुतेक कामं आधी कागदावर पुरी होतात, आणि सुज्ञ माणसं तिथेच थांबतात.

कालव्यावरच्या नव्या पुलाचं नियोजन ज्यांच्याकडे होतं, त्यांना कार्यालयात सगळे टक्केराव म्हणत. (टक्के या शब्दाला बाहेर जो अर्थ आहे तो इथे लागू नाही, असा खुलासा कार्यालयाने मागेच केला आहे.) माणूस कामाला चोख, स्वभावाने गरीब. या पुलात तर त्यांचा जीव अडकला होता. त्यांचं घर कालव्याच्या अलीकडे आणि मावशी पलीकडे. मधल्या जुन्या पुलाला दोन्ही अंगांनी उंच पायऱ्या. आईच्या आणि मावशीच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून दोघी बहिणींची गाठ पडली नव्हती. फोन होता, पण फोनवर दोघी एकाच वेळी बोलत, त्यामुळे कुणाचंच कुणाला कळत नसे. नवा पूल सपाट होणार होता. तो झाला की तुला हाताला धरून पलीकडे नेतो, असा शब्द टक्केरावांनी आईला दिला होता, आणि तेव्हापासून ते घरात शिरून चपला काढायच्या आत आई विचारी, "कुठवर आला रे पूल?"

तो कुठवर आला हे सांगायला कार्यालयाने एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्यात तीन रेघा. निळी रेघ सांगे, आजवर किती खर्च व्हायला हवा होता. लाल सांगे, प्रत्यक्षात किती झाला. आणि हिरवी सांगे, तेवढ्यात काम किती उभं राहिलं. तिन्ही बहिणी हातात हात घालून चालल्या की प्रकल्पाची प्रकृती ठणठणीत समजायची. यातल्या निळी आणि लाल खुर्चीत बसून काढता येत. हिरवी मात्र हट्टी. तिच्यासाठी कुणालातरी कालव्यावर जाऊन पूल बघावा लागे, आणि कालव्यावर चिखल होता.

टक्केराव एकदा गेले. परत आले ते चिखलाच्या बुटांनिशी थेट मोठ्या साहेबांच्या गालिच्यावर. साहेबांना गालिच्याचं दुःख झालंच, पण टक्केरावांनी पाहून आलेला आकडा भरताच संगणकावरची हिरवी रेघ तळाशी आडवी झोपली, त्याचं जास्त झालं. त्यांनी स्वतः सॉफ्टवेअरची आतली पानं धुंडाळली आणि तिथे त्यांना एक इवलासा चौकोन सापडला, ‘झालेल्या खर्चावरून प्रगती आपोआप काढा.’ साहेबांनी चौकोनात बरोबरची खूण केली. त्यासरशी, प्रवचनात पेंगणारा श्रोता शेवटचा शब्द ऐकून खडबडून उठतो, तशी हिरवी रेघ उठली आणि लाल रेघेला जाऊन चिकटली.

"पण साहेब, तिथे दिसत तर काहीच नाही," टक्केराव चाचरत म्हणाले.

"देव दिसतो का तुम्हाला?"

टक्केराव श्रद्धाळू होते. त्यांनी खरं ते सांगितलं, की नाही दिसत.

"पण आहे ना? मग पुलालाच तेवढी दिसायची सक्ती का?"

टक्केरावांनी मान डोलावली आणि जागेवर येऊन आपल्या खिडकीचा पडदाही ओढून घेतला. खिडकी कालव्याकडे उघडत असल्यामुळे उजेडाने संगणकावरचे आकडे नीट दिसत नसत.

आणि मग काय सांगावं महाराजा, प्रगतीला नुसता ऊत आला. पहिल्या खांबाचा खड्डा खणला, त्यात पाणी भरलं. पंपाने पाणी उपसून कालव्यात सोडत, आणि कालवा ते इमानदारीने परत करी. पंपाच्या भाड्यातून पूल चाळीस टक्के झाला. मग पंप खड्ड्यात पडला. तो काढायला दुसरा पंप आणला, तेव्हा सत्तेचाळीस. पूर्वी मुकादम मोडतोड झाली की तोंड लपवायचा. आता तो फोन करून सांगू लागला, "साहेब, आज क्रेन कलंडली. तेवढं काम पुढे सरकवून घ्या." (क्रेनचा अपघात ही या प्रकल्पातली एका दिवसातली सर्वाधिक प्रगती. नऊ टक्के.) काहीच उभं का राहत नाही याचा अभ्यास करायला सल्लागार नेमले, त्यांच्या अहवालाने अकरा टक्के पूल उभा केला.

मध्ये एक विघ्न आलं. कालव्याकाठच्या एका दगडवाल्याला दया आली आणि त्याने आपली माणसं लावून एका खांबाचा पाया फुकट बांधून दिला. सॉफ्टवेअरला तो दिसेना. खर्च शून्य, म्हणजे काम शून्य. नसलेलं काम जागेवर असणं हा गैरप्रकार आहे, असं साहेबांनी ठरवलं आणि पाया काढून टाकला. काढायला खर्च आला, त्यामुळे पूल आणखी तीन टक्के पुढे गेला.

घरी टक्केराव आईला रोजचा आकडा खरा खरा सांगत. सत्तर झाले तेव्हा आई म्हणाली, "सत्तर ना? मग उरलेल्याला एखादी फळी टाक की." नव्वदला तिने व्हरांड्यात चालायचा सराव सुरू केला.

मंजूर रक्कम संपली त्या दिवशी पूल शंभर टक्के झाला. साहेबांनी पेढ्यांऐवजी परिपत्रक वाटलं. सॉफ्टवेअर मात्र गप्प बसणाऱ्यातलं नव्हतं. त्याच्या यादीत पुढचं काम होतं, ‘नवा पूल पूर्ण होताच जुना पाडणे’, आणि त्याचा हुकूम आपोआप सुटला. हे काम घेणारा ठेकेदार बाहेरचा, त्याला इथल्या रीतीभाती ठाऊक नव्हत्या. त्याने जुना पूल मुदतीआधी आणि निम्म्या खर्चात पाडला. खर्च निम्मा, म्हणजे काम निम्मं, म्हणून अपुऱ्या कामाबद्दल त्याची चौकशी सुरू आहे.

ठरल्याप्रमाणे टक्केराव आईला हाताला धरून कालव्यावर घेऊन गेले. बऱ्याच दिवसांनी ते तिकडे जात होते. मावशीलाही त्यांनी कळवलं होतं, ती पलीकडच्या काठावर सुनेच्या आधाराने उभी होती. मध्ये पाणी होतं. नुसतं पाणी.

आईने डोळ्यांवर हात धरून पलीकडे पाहिलं. टक्केराव खालच्या आवाजात म्हणाले, "झालाय गं. फक्त दिसत नाही."

"बरं," आई म्हणाली. "तू हो पुढे. मी मागून येते."

आईचा शब्द आणि स्वतःचे आकडे, दोन्ही टक्केरावांनी आयुष्यात कधी मोडले नव्हते. त्यांनी पाऊल उचललं. ते निर्गुण पुलावर न पडता सगुण चिखलात गुडघ्याइतकं रुतलं. मुकादमाच्या दोन माणसांनी त्यांना ओढून काढलं. (त्यांच्या मजुरीने पूल एकशे एक टक्के झाला.) तोवर आईने काठावर बैठक मारली होती आणि पलीकडे मावशीने. दोघी पाण्यावरून एकमेकींना ओरडून सगळ्या घराची खबर देत होत्या. गुडघ्यांचं दुखणं आता राहिलंच नव्हतं, कारण धडधाकट माणसांनाही पलीकडे जाता येत नव्हतं. टक्केराव ओल्या विजारीनिशी उभे राहून ऐकत होते.

"पोरगा कुठाय तुझा?" मावशीने ओरडून विचारलं.

"पुलावर आहे," आई ओरडली.

आता टक्केरावांना हसणाऱ्या वाचकांनी जरा आपलं पुस्तकांचं कपाट उघडावं. वरच्या फळीवरची ती जाडजूड पुस्तकं, पैसे मोजून आणलेली. कुणी विचारलं तर आपण काय सांगतो? वाचली आहेत म्हणून. त्यांच्यात हे पुस्तकही ठेवा.