पिकलची सक्तीची रजा

प्राणी-कल्याण समितीच्या पत्राला ऑर्विन टॉलिव्हर यांनी उत्तर दिलं नव्हतं. प्रश्न साधाच होता: ‘आपल्या विभागात विश्रांती, निवारा आणि औषधोपचार न देता कोणत्याही प्राण्याकडून काम करून घेतलं जातं का?’ पण टॉलिव्हर पडले पुस्तकी आणि भिडस्त. ‘नाही’ लिहावं, तर ते फारच ठाम वाटे. मसुदे करता करता मुदत टळली.

नियमाप्रमाणे मौन म्हणजे कबुली. नेब्रास्कातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या पशुवैद्यक-सहायक अभ्यासक्रमातला एकुलता एक कुत्रा, पिकल, पीडित ठरला आणि सक्तीच्या रजेवर गेला. विश्रांतीसाठी त्याला टॉलिव्हरांची खोली मिळाली. टॉलिव्हर अर्धवेळ शिक्षक. ते गाडीत बसून डबा खाऊ लागले.

अडकली ती त्यांची विद्यार्थिनी रोसाल्बा. कुत्र्याच्या पायातून रक्त काढून दाखवल्याखेरीज ती उत्तीर्ण होत नव्हती, आणि सोमवारी हजर झाली नाही तर गुरांच्या दवाखान्यातली नोकरी दुसऱ्या कुणाला जाणार होती.

“सर, एका ओळीचं पत्र हो! आमची आजी तर पोपटालासुद्धा उत्तर देते.”

“आता पाठवलं तरी समिती पुढच्या महिन्यात बसते,” टॉलिव्हर पुटपुटले.

दोघं डीन व्हॉसबाईंकडे गेले.

“प्लास्टिकचा कुत्रा आहे की!”

“त्याला रक्त नाही, बाई,” टॉलिव्हर म्हणाले.

“मग समितीच्या कक्षेबाहेरचं काहीतरी जिवंत घ्या. मांजर?”

“कक्षेत आहे.”

“कोंबडी?”

“तीही.”

बाईंनी नियमावली चाळली. चेहरा उजळला. “अर्धवेळ शिक्षक कुठेच नाहीत!”

टॉलिव्हरांनी बाही वर केली. नकार देणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

“हलायचं नाही हं. शहाणं बाळ ते!” रोसाल्बा सवयीने म्हणाली. पहिल्याच टोचणीत रक्त आलं.

परीक्षा कुत्र्याचीच असल्याने बाईंनी नोंद केली: ‘श्वान, मिश्र जातीचा, वयस्क, स्वभावाने गरीब.’ रोसाल्बा उत्तीर्ण झाली.

“सर, एक सांगू?” बाहेर पडताना ती म्हणाली. “आता तुम्ही कक्षेत आलात.”

टॉलिव्हर थबकले. कित्येक वर्षांत प्रथमच त्यांना एखादं ठाम उत्तर सुचलं. गाडीत बसून त्यांनी लिहिलं: ‘होय, एक आहे. तीन कॉलेजांत शिकवतो. दाढ दुखते, विमा नाही. खोली होती, ती सहकाऱ्याला दिली.’

समितीच्या पत्राच्या तळाशी विचारलं होतं, ‘असे आणखी प्राणी माहीत आहेत काय?’

इथे मात्र ते नेहमीसारखे बराच वेळ घुटमळले. मग लिहिलं, ‘पुष्कळ आहेत. हे वाचणाऱ्यालाच विचारा, आज दुपारी धड बसून जेवायला मिळालं का?’

आणि पाकीट चिकटवून टपालपेटीत टाकलं.